रेबीजच्या आधी पोहोचलेला माणूस : लुई पाश्चर

पिसाळलेला कुत्रा गावात शिरला की काय होते, हे शेतकरी बंधूंना वेगळे सांगायला नको. पोरे घरात कोंडली जातात, गोठ्याचे दार लावले जाते, चार तरणे गडी काठ्या घेऊन निघतात. तेवढ्यात कुणाला चावा बसलाच तर कुणी चुना सुचवतो, कुणी मिरचीपूड, कुणी शेजारच्या गावातला मंतरणारा. आणि यातच दोन-चार दिवस निघून जातात. रेबीजच्या बाबतीत हे दोन-चार दिवस फार मोलाचे असतात. त्यांचे मोल ज्याने जगाला दाखवून दिले, त्या लुई पाश्चर यांची ही हकिकत.

पाश्चर हे नाव आपण दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड या शब्दात रोज वाचतो. पण हा माणूस डॉक्टर नव्हता आणि पशुवैद्यही नव्हता. तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक. तरीही रेशमाच्या किड्यापासून कोंबड्या, मेंढ्या आणि शेवटी कुत्र्यापर्यंत, शेतकऱ्याच्या दारातल्या दुखण्यांतच त्याच्या आयुष्याची अर्धी वर्षे गेली. त्या कामात पशुवैद्यांचा हात किती मोठा होता, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

लांडग्याचे ते वर्ष

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा भागात, दोल या गावी झाला. वडील जाँ-जोसेफ हे नेपोलियनच्या फौजेत सार्जंट होते. फौज सुटल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा घरचा धंदा धरला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा नावाच्या गावी येऊन राहिले. नदीकाठी घर, घरालाच लागून कातडी भिजवायचे हौद. द्राक्षमळ्यांचा मुलूख होता तो. शाळेत लुई काही फार चमकणारा नव्हता. त्याचा हात चित्रे काढण्यात चालायचा.

१८३१ साली या भागात एक पिसाळलेला लांडगा फिरला. वाटेत येईल त्या माणसाला आणि जनावराला तो चावत सुटला. चावलेल्या माणसांना लोहाराच्या भट्टीवर नेऊन तापल्या लोखंडाने जखमा डागल्या, कारण त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. डागूनही आठ माणसे गेली. लुई तेव्हा आठ वर्षांचा. जळत्या मांसाचा वास आणि त्या माणसांच्या किंकाळ्या ज्या पोराने ऐकल्या असतील, त्याच्या मनातून त्या कशा जाणार?

पुढे लुई शिकत गेला. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिक्षण झाले, स्फटिकांवरच्या संशोधनाने १८४८ साली नाव झाले. १८४९ साली मारी लॉरां यांच्याशी लग्न झाले. ही बाई नवऱ्याची टिपणे उतरवून घेई आणि त्याच्या कामात मनापासून लक्ष घाली. १८५४ साली पाश्चर लिल येथे विज्ञान शाखेचे प्रमुख झाले. तिथे दारू गाळणाऱ्यांच्या अडचणींतून त्यांनी आंबण्याचा अभ्यास सुरू केला. दूध नासते, द्राक्षरस आंबतो, यामागे डोळ्यांना न दिसणारे जिवंत जंतू असतात हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. मग विचार पुढे सरकला: जंतू रस नासवतात, तर ते जनावराच्या अंगात शिरून रोगही का करणार नाहीत?

रेशमाचे किडे आणि घरातली दुःखे

१८६५ साली दक्षिण फ्रान्समधले रेशीम उत्पादक रडकुंडीला आले होते. किड्यांवर काळे ठिपके पडायचे आणि घरभर मांडलेली चंद्रके वाया जायची. सरकारने हे काम पाश्चर यांच्याकडे दिले. त्यांनी तोवर रेशमाचा किडा हातातही घेतला नव्हता. आलेस गावाजवळ त्यांनी ओळीने पाच हंगाम काढले. अखेर उपाय सापडला तो असा: मादी पतंगाने अंडी घातली की तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळायची, नाही दिसले तर ठेवायची. आपल्याकडे तुतीची लागवड केलेले शेतकरी जे निरोगी अंडीपुंज आणतात, ते मादी पतंग तपासण्याच्या याच रीतीने तयार होतात.

या काळात घरात मात्र एकामागून एक घाव बसत होते. थोरली मुलगी १८५९ सालीच गेली होती. १८६५ साली वडील गेले, त्याच वर्षी धाकटी मुलगी गेली, आणि १८६६ साली आणखी एक मुलगी. १८६८ साली स्वतः पाश्चर यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. वय होते पंचेचाळीस. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. पाश्चर यांचे सगळ्यात मोठे काम अजून व्हायचे होते.

कोंबड्या, मेंढ्या आणि पशुवैद्य

१८७९ च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम चालले असताना, बरेच दिवस पडून राहिलेले जंतूंचे जुने विरजण कोंबड्यांना टोचले गेले. कोंबड्या थोड्या मलूल झाल्या आणि पुन्हा उठल्या. नंतर ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या मेल्या नाहीत. कमजोर केलेला जंतू अंगात गेला तर अंग त्याच्याशी लढायला शिकते, हे सूत्र हाती आले. लसीकरणाचा सगळा संसार या सूत्रावर उभा आहे. इंग्लंडमध्ये जेन्नर यांनी गोस्तन देवीची लस १७९६ सालीच टोचली होती, पण ती निसर्गात आयती मिळालेली होती. पाश्चर यांनी लस प्रयोगशाळेत तयार करता येते हे दाखवले.

मग वेळ आली काळपुळीची, जिला आपण जनावरांत फाशी म्हणतो. फ्रान्समध्ये काही शेते शापित समजली जात, कारण तिथे चरलेल्या मेंढ्या मरत. पाश्चर यांनी दाखवले की या रोगाने मेलेली जनावरे जिथे पुरली तिथल्या मातीत रोगाचे बीज टिकून राहते, आणि गांडुळे ते वर आणतात. चराऊ रानात अशी जनावरे पुरू नयेत, असे त्यांनी शेतकऱ्यांना बजावून सांगितले.

मेलां भागातले एक पशुवैद्य रोसिन्योल यांचा या जंतूबाजीवर विश्वास नव्हता. त्यांनी पाश्चर यांना उघड आव्हान दिले आणि पुयी-ले-फोर येथे आपले शेत त्यासाठी मोकळे करून दिले. ५ मे १८८१ रोजी २४ मेंढ्या, १ शेळी आणि काही गाईंना लस दिली, १७ मे रोजी दुसरी मात्रा दिली. तेवढ्याच मेंढ्या आणि एक शेळी बिनलसीची ठेवली. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जंतू टोचले. २ जूनला दुपारी शेतकरी, पशुवैद्य आणि पत्रकार यांची जत्रा भरली. बिनलसीच्या २१ मेंढ्या आणि शेळी मरून पडल्या होत्या, दोन मेंढ्या लोकांच्या देखत कोसळल्या, उरलेली एक संध्याकाळपर्यंत गेली. लस दिलेली जनावरे उभी होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुलूझचे पशुवैद्य तुसाँ यांनी रसायनाने जंतू निकामी करून फाशीची लस पाश्चर यांच्या आधीच, १८८० साली करून पाहिली होती. पुयीची लसही पाश्चर यांच्या सहकाऱ्याने रसायन वापरूनच तयार केलेली होती, पण पाश्चर यांनी तेव्हा ते खुलेपणाने सांगितले नाही. मोठ्या माणसाच्याही हिशेबाच्या वहीत एखादी खाडाखोड असते.

कुत्र्याच्या लाळेतले विष

१८८० च्या डिसेंबरात बुरेल नावाच्या पशुवैद्यांनी पाश्चर यांच्याकडे दोन पिसाळलेले कुत्रे पाठवले. बुरेल हे पूर्वी फौजेत पशुवैद्य होते, मग पॅरिसमध्ये जनावरांचा दवाखाना चालवत. चावा खोल जाऊ नये म्हणून कुत्र्यांचे दात कानशीने बोथट करावेत, असा उपाय ते सांगत. यावरून समजा, त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांचीही किती दैना होती. लिओंच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक गाल्तिए यांनी त्याआधी १८७९ साली रेबीज कुत्र्याकडून सशाला देता येतो हे दाखवले होते. हे पाऊल फार महत्त्वाचे ठरले, कारण पिसाळलेल्या कुत्र्यापेक्षा ससा हाताळायला केव्हाही बरा. १८८१ साली गाल्तिए यांनीच मेंढीच्या शिरेत पिसाळलेल्या जनावराची लाळ टोचून तिला रेबीजपासून सुरक्षित करून दाखवले. पाश्चर यांची वाट या पशुवैद्यांनी आधीच थोडी झाडून ठेवलेली होती.

काम जिवावरचे होते. सहकारी कुत्र्याला टेबलावर दाबून धरत आणि अर्धांगाने अधू झालेले पाश्चर तोंडात काचेची नळी धरून त्याच्या जबड्यातली लाळ ओढून घेत, असे सांगितले जाते. सूक्ष्मदर्शकात मात्र काहीच दिसेना. रेबीजचा विषाणू इतका बारीक की त्या काळच्या भिंगाला तो सापडणे शक्यच नव्हते. पाश्चर यांनी न दिसणाऱ्या शत्रूशी लढायचे ठरवले. रोगाची लक्षणे मेंदूची आहेत, तेव्हा विष मेंदूत आणि मणक्यातल्या रज्जूत असणार, हे त्यांनी ताडले.

त्यांचे सहकारी डॉ. एमिल रू यांनी सुचवले की कुत्र्याला भूल देऊन कवटीला बारीक छिद्र पाडावे आणि विष थेट मेंदूवर सोडावे. पाश्चर यांना मुक्या जनावराचे हाल बघवत नसत. ते टाळाटाळ करत राहिले. शेवटी ते नसताना रू यांनी ते केले. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा शेपटी हलवत समोर आला तेव्हा कुठे पाश्चर यांचा जीव भांड्यात पडला. या रीतीने रोग हमखास आणि लवकर होऊ लागला.

पुढे एका सशाकडून दुसऱ्याकडे असे विष नेत नेत त्याची मुदत सात दिवसांवर स्थिर झाली. मग मेलेल्या सशाचा रज्जू दोन तोंडांच्या बाटलीत, तळाशी ओल शोषणारा पोटॅश ठेवून, कोरड्या हवेत टांगायचा. जसजसे दिवस जातील तसतसे विष मंद होत जाई. चौदा दिवस वाळलेल्या रज्जूत जोर जवळजवळ उरत नसे. आधी सगळ्यात वाळलेला, मग रोज थोडा ताजा, असे टोचत गेले की कुत्रा तयार होई. १८८४ साली सरकारने नेमलेल्या समितीने लस दिलेले कुत्रे तपासले. तिचे अध्यक्ष बुले हेही पशुवैद्यच. हे प्रयोग करायला पॅरिसबाहेर व्हिलनव्ह-लेताँ येथे कुत्र्यांसाठी मोठी जागा मिळाली.

नऊ वर्षांचा जोसेफ

४ जुलै १८८५ रोजी अल्सासमधल्या एका पाववाल्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोसेफ मायस्टरला, शाळेच्या वाटेवर पिसाळलेला कुत्रा चावला. अंगावर चौदा जखमा. आई त्याला घेऊन ६ जुलैला पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या दारी आली.

आता काय करायचे? लस कुत्र्यांवर चालली होती, माणसावर चालेल याची हमी नव्हती. नाही दिली आणि मुलगा गेला तर? दिली आणि लसीनेच गेला तर? पुढे पाश्चर यांच्या प्रयोगवह्या अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसले की, आधीच चावा बसलेल्या कुत्र्यांवर ही नेमकी पद्धत तेव्हा पुरेशी तपासून झालेली नव्हती. रू यांनाही घाई वाटली आणि ते या इलाजात सामील झाले नाहीत. डॉ. व्हल्पियां आणि डॉ. ग्रांशे यांनी मुलाला पाहून सांगितले की लस दिली नाही तर त्याचे मरण ठरलेले आहे. पाश्चर डॉक्टर नसल्याने सुई ग्रांशे यांनी टोचली. दहा दिवसांत तेरा इंजेक्शने झाली, शेवटचे जवळजवळ ताज्या, जहाल रज्जूचे. पाश्चर यांना रात्र-रात्र झोप नव्हती. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर संस्थेतच राखणदार म्हणून कामाला होता, १९४० साली वारेपर्यंत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जुरा भागातूनच, व्हिलेर-फार्ले गावचा जुपिल नावाचा पंधरा वर्षांचा मेंढपाळ आला. लहान पोरांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी तो एकटा झुंजला होता. चाव्याला सहा दिवस होऊन गेले होते, तरी तो वाचला. कुत्र्याशी झुंजणाऱ्या या पोराचा पुतळा पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या आवारात आहे.

पण नोव्हेंबरात लुईझ पेलतिए नावाची दहा वर्षांची मुलगी आली. चावा डोक्याला, आणि त्याला सदतीस दिवस होऊन गेलेले. आईबापाच्या चेहऱ्याकडे बघून पाश्चर यांनी लस दिली, पण डिसेंबरच्या सुरुवातीला ती गेली. हाच धडा लक्षात ठेवायचा. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालत जातो. माणसाला बहुधा एक ते तीन महिने मिळतात. चावा तोंडाला-डोक्याला असेल तर त्याहून कमी. तेवढ्या वेळात लस पुढे गेली तर माणूस जगतो. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की औषध नाही. तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेले १९ जण पॅरिसला आले. त्यांतले १६ जगून परत गेले. तोवर साडेतीनशे लोकांवर उपचार झाले होते. जगभरातून वर्गणी जमली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पाश्चर संस्था उघडली. पाश्चर यांची तब्येत तोवर पार ढासळली होती. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच व्हिलनव्ह-लेताँ येथे, जिथे त्यांचे कुत्रे ठेवलेले असत, त्यांनी प्राण सोडला. २८ सप्टेंबर हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या दारापर्यंत

पाश्चर संस्थेत काम केलेले हाफकिन १८९३ साली भारतात आले आणि १८९७ साली मुंबईत त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली. तिथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात चौदा इंजेक्शने, म्हणून जुनी माणसे जिला घाबरायची, ती हीच. तिचा क्वचित मज्जातंतूंना अपायही होई. २००४ च्या अखेरीस आपल्या देशात तिचे उत्पादन बंद झाले. आताची लस दंडात देतात, पोटात नाही. तेव्हा ती जुनी भीती मनातून काढून टाका.

चावा बसला की पहिले काम, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. चुना, हळद, मिरची, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते डॉक्टरांना विचारा. ठरलेल्या सगळ्या तारखा पुऱ्या करा. दोन सुया घेऊन बरे वाटते म्हणून थांबू नका.

गोठ्याकडेही लक्ष असू द्या. गाय-बैल एकसारखा घोगरा हंबरतो, लाळ गळते, गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले समजून आपण तोंडात हात घालतो. ते रेबीजही असू शकते. हात घालू नका, आधी पशुवैद्यांना बोलवा. जनावराला पिसाळलेला कुत्रा चावल्याचे कळले तर त्यालाही ठरलेल्या दिवशी लस देता येते. संशयित जनावराचे दूध वापरू नका.

आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी एक गोष्ट. माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्याकडून. गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना दर वर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे जगभर मान्य झाले आहे. गोव्यात घरोघरची आणि रस्त्यावरची कुत्री जाळ्याने धरून, लस देऊन, रंगाची खूण करून सोडण्याचे काम सालोसाल झाले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्री मारून हे साधत नाही. मारलेल्यांच्या जागी बाहेरची बिनलसीची येतात. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्यावे, एक दिवस ठरवावा, दवंडी द्यावी, शाळेतल्या पोरांकडून पाळीव कुत्र्यांची यादी करून घ्यावी. पाश्चर यांनी लस आधी कुत्र्यालाच दिली होती. गावानेही सुरुवात तिथूनच करावी.